चंदनाशेजारची तूर

सहाणेवर चंदन उगाळताना आई रोज भांडायची. भांडण दुकानदाराशी असायचं आणि दुकानदार तिथे नसायचा. चेन्नईत टी. नगरच्या गर्दीत घुसून, दोन बस बदलून, पदराखाली जपून आणलेलं खोड आठ दिवसांत नुसतं लाकूड निघायचं. पाणी पांढरट व्हायचं, पण वासाचा पत्ता नाही. "बाभळीला अत्तर चोळून विकतात मेले, आणि आपण देवाला लावतो," असं म्हणत ती उगाळत राहायची. खरखर, खरखर. आमच्या तांबरमच्या घरातली सकाळ त्या आवाजाने सुरू व्हायची. त्यात मग कुकरची शिट्टी मिसळायची, वरच्या मजल्यावरचा रेडिओ, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या फुलवालीची लांबलचक हाक.

अशाच एका सकाळी माझा मोठा भाऊ नंदूदादा दात घासता घासता म्हणाला, "आई, तुला घरचं खोड देतो. फक्त पंधरा-वीस वर्षं थांब."

"तोवर ते माझ्याच सरणावर ठेवायला लागेल," आई म्हणाली.

"चालेल की. दोन्ही कामं होतील."

आईने त्याला ओल्या हातानेच पाठीत धपाटा घातला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही सातारा जिल्ह्यातले, बाबांच्या नोकरीमुळे चेन्नईत आलेले. बाबा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात होते. घर भाड्याचं होतं, तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे धुण्याच्या दगडाजवळ जमिनीची एक पट्टी. मालक वर एकटेच राहायचे. आम्ही त्यांना रावकाका म्हणायचो. तंजावरकडचे मराठी, एग्मोरच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी दादाला आणि मला हसू आवरेना. शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळ. काका मात्र आमचंच मराठी बिघडलेलं आहे असं मानायचे.

दादाने खरंच रोप आणलं. वीतभर उंच, पिशवीत, आणि त्याच पिशवीत बुडाशी कसलीशी पालेभाजी उगवलेली. रावकाका जिन्यावरून ओरडले, "चंदन? माझ्या घरीं? पोलीस येऊन मला धरून नेतील, तुला न्हवे!" पूर्वी तिकडे अंगणातलं चंदनाचं झाड सरकारचं असायचं, ही भीती त्यांच्या अंगात मुरलेली होती. दादाने कायदा बदलल्याचं पेपरमधलं कात्रण वर नेऊन दाखवलं. "ठेव इथें," काका म्हणाले, "फ्रेम करून दारावर लावितों. पोलीस आला की वाचूं दे." मग स्वतःच खाली येऊन खड्डा कुठे घ्यायचा ते दाखवलं. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा निवडली. दादाने रोप पालेभाजीसकट लावलं आणि त्याला लागून तुरीचे चार दाणे टोचले.

"तूर कशाला?" मी विचारलं.

"मॅनेजर, तुला काय करायचंय? शेंगा खायला मिळतील तुला. खा."

मॅनेजर हे माझं नाव त्याने पाडलेलं. मला याद्या करायची सवय तेव्हापासून आहे. दप्तरात काय घालायचं, दळणाला कधी जायचं, गॅस कधी संपेल, सगळं वहीत. दादाचं अगदी उलट. तो काही लिहून ठेवायचा नाही आणि सांगायचाही नाही. विचारलं की गंमत करायचा. त्याच्या पोटातून उत्तर काढणं म्हणजे फणस सोलण्यासारखं होतं, हात बरबटायचे आणि निम्मं आत राहायचं. आज मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते, आणि सोबतच्या लोकांना माझा एकच जाच वाटतो, की मी प्रत्येक गोष्ट लिहून मागते. त्यांना कारण कधी सांगितलेलं नाही.

चंदन तीन वर्षांत बाबांच्या डोक्यावर गेलं. देखणं झाड. बारीक तांबूस फांद्या, समोरासमोरची चकचकीत पानं, बारा महिने हिरवी. पानाला वास नाही, सालीलाही नाही. मी नखाने खरवडून पाहायचे. दादा हसायचा, "वास आत होतो, मॅनेजर. सावकाश. त्याला काय तुझ्यासारखी घाई आहे?" शेजारची तूर झुडपासारखी फोफावली होती. मार्गशीर्ष लागला की शेंगा यायच्या. दादा त्या मिठाच्या पाण्यात उकडायचा, आणि आम्ही दोघं धुण्याच्या दगडावर बसून सोलून खायचो, टरफलं तिथेच चंदनाच्या बुडाशी टाकत. रावकाकांना एक वाटी वर जायची. ती रिकामी कधी परत आली नाही. तिच्यात आंबट-गोड सांबार असायचं, आणि सोबत निरोप, की सांबार मुळात आम्हां मराठ्यांचंच, हे तुझ्या शाळेत जाऊन सांग.

डिप्लोमा झाल्यावर दादा ओरगडमलाच, बाबांच्या कारखान्यात, शिकाऊ म्हणून लागला. त्याने जुनी मोटरसायकल घेतली. त्या आषाढात, कारखान्यातून परत येताना, एका वळणावर तो ट्रेलरखाली गेला. मी अकरावीत होते. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही, प्रयत्न करून पाहिला आहे.

नंतरच्या महिन्यांत आमच्या घरातले आवाज एकेक करून बंद झाले. आईने सहाण उलटी करून ठेवली. बाबा शिफ्टवरून येत, डबा मोरीत ठेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. दादाबद्दल बोलणं व्हायचं, पण ते पाहुणे बोलत आणि तेही त्याचे गुण. किती हसरा, किती मनमिळाऊ. आई मान हलवायची. आम्ही तिघं एकमेकांशी त्याचं नावही घेत नव्हतो. फक्त एक गोष्ट आई रोज न चुकता करायची. सकाळी मागच्या दारी जाऊन चंदनाच्या खोडाला हात लावायची. थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग आत येऊन चहाचं आधण ठेवायची.

म्हणून झाडाची जबाबदारी मी घेतली. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. वहीत वेगळं पान केलं. पाणी कधी, शेणखत कधी, मुंग्या आहेत का, पानं कशी आहेत. दादाने काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं, तेव्हा नीटनेटकेपणानं जे सुचेल ते मी करत होते.

जानेवारीत भोगी आली. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. पण चेन्नईत भोगीला पहाटे घराघरातली जुनी चटई, फाटके कपडे, मोडकं-तोडकं दारात जाळतात, आणि पोरं छोट्या ढोलक्या बडवत फिरतात. सगळी गल्ली धुरकट होते. मला वाटलं, हा काही आपला सण नव्हे, साफसफाई आहे, ती करायला हरकत नाही. दादाचे दिवस झाल्यापासून घराला हातच लागला नव्हता. मी आदल्या दिवशी यादी केली. माळ्यावरची रद्दी, मोडकी बादली, जुने झाडू आणि मागची पट्टी साफ करणं. तुरीला त्या वर्षी शेंगा भरभरून आल्या होत्या, पण भोगीची भाजी करायची नव्हती, उकडायलाही कोणी नव्हतं. शेंगा झाडावरच वाळल्या, पानं झडली. वाऱ्याने खुळखुळ वाजायच्या आणि तो आवाज स्वयंपाकघरात आईला ऐकू यायचा. आजोळी मी दरवर्षी पाहिलं होतं, शेंगा वाळल्या की तूर काढायची आणि रान मोकळं करायचं. आमच्या माणसांना यात विचार करण्यासारखं काही वाटतच नाही. मी कोयत्याने तूर तोडली, मग कुदळीने बुंधे उकरून काढले, बुडाशी पसरलेली ती पालेभाजी उपटली, गवत खरवडलं. चंदनाभोवती छान गोल आळं केलं, विटा लावल्या. पहाटे तुराट्या दारात पेटवल्या. तडतडून जळाल्या. आई दारात येऊन उभी राहिली, मागे जाऊन झाड पाहून आली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली, "चांगलं केलंस. आता कसं ऐसपैस झालं त्याला."

रावकाका पोंगलला मुलीकडे बंगळूरला गेले होते, ते महिन्याभराने परतले. तोवर चंदनाची नवी पानं फिकट आणि बारीक यायला लागली होती. मी पाणी वाढवलं होतं. काका मागच्या दारी आले, विटांचं आळं पाहिलं आणि इकडे तिकडे बघत राहिले.

"तूर कोठें गे?"

"काढली काका. वाळली होती."

"काढली म्हंजे? तोडलीस?"

"मुळापासून काढली."

काका धुण्याच्या दगडावर बसले. त्यांना दम लागला होता की काय कळेना. "अय्यो, पोरी. चंदन एकटा जेवत नाही गे. त्याचीं मुळें दुसऱ्याच्या मुळांस तोंड लावून पितात. म्हणून तर तूर. म्हणून तो पाला. तूर थकली की हदगा लावायचा, असें म्हणत होता तुझा भाऊ. मज सगळें समजावून सांगितलें त्यानें. तुम्हांस सांगितलें नाही?"

"नाही."

"मज वाटलें, तुम्हांस ठाऊक असेल."

मी त्याच दिवशी तूर पेरली. हदग्याचं तयार रोप आणून लावलं, हरभरा टाकला, कडिपत्त्याची फुटवी आणून खोचली. वहीत रोजची पानं मोजून लिहायला लागले. पण ऊन चढत होतं. नवी तूर वीतभर होईपर्यंत चंदनाचे शेंडे वाळले, मग फांद्या वरून खाली वाळत आल्या. मी अकरावीच्या परीक्षेचा अभ्यास झाडाजवळ बसून करत होते आणि घरात कोणालाही काही सांगत नव्हते.

आईला मात्र कारण सापडलं होतं. शेजारच्या बायका आल्या की झाड पाहून हळहळायच्या. त्यातली एक म्हणाली, लावणारा गेला की झाडही त्याच्यामागे जातं, आमच्या गावाला असंच झालं होतं. ते आईच्या मनात रुतून बसलं. "झाडाला कळतं बघ," ती मला म्हणाली. "पाणी घातलं, सगळं केलं, पण त्याला आता राहायचंच नाही. त्याच्यामागे निघालंय." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर एक शांतपणा होता आणि मला त्याची भीती वाटली. दुपारचं ताट घेऊन ती मागच्या दारी बसायची आणि ताट तसंच परत यायचं. रात्रीचं जेवण सुटलं. ब्लाउज खांद्यांवरून उतरायला लागले. बाबांनी डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "मला काही झालेलं नाही. माझं मला कळतं."

रावकाका वरून हे सगळं पाहत होते. एक दिवस त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"मी तुझ्या आईस कांही सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तें झाड तिला संगें घेऊन निघालें आहे गे. तुज दिसतें की नाही?"

"मी सांगितलं तर ती मला..."

"होय. रागावेल," काका म्हणाले. "रागावणारें माणूस जेवतें."

तरी मी आणखी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी दुपारी आई नेहमीसारखी दारात बसली होती, ताटात दहीभात, त्यावर माशा. मी समोर जाऊन उभी राहिले आणि धडा वाचून दाखवतात तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "आई, हे झाड दादाच्या दुःखानं नाही वाळलं. मी मारलं."

तिला कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. तूर, पाला, मुळं, काकांनी काय सांगितलं, मी काय लपवलं. ती ऐकत होती, नजर झाडावर. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने फार हळू आवाजात विचारलं, "तूर उपटताना मुळं कशी होती?"

इथे मला एक कबूल करायचं आहे. भोगीचं वर्णन करताना मी वर ही गोष्ट लिहिली नाही. इतकी वर्षं कुणालाही सांगताना मी ती गाळत आले आहे आणि आत्ताही हात आपोआप तिला वगळून पुढे गेला. कुदळीने बुंधा हलवल्यावर तो सुटेना. मी माती बाजूला केली तेव्हा तुरीच्या मुळांवर दुसरी, तांबूस, बारीक मुळं चिकटलेली दिसली. जिथे चिकटली होती तिथे मण्याएवढ्या गाठी होत्या. एका ठिकाणी नाही, सगळीकडे. मला ते विचित्र वाटलं. क्षणभर थांबावं असंही वाटलं. पण यादीतली दोन कामं राहिली होती आणि अंधार व्हायच्या आत मला संपवायचं होतं. मी दोन्ही पाय रोवले आणि ओढलं. तुटतानाचा बारीक आवाज आला, शिवण उसवल्यासारखा.

"एकमेकांना धरून होती," मी म्हणाले.

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"हो."

"तरी ओढलंस."

"हो."

आईने ताटावरच्या माशा हाकलल्या. समोरच्या घरात कोणीतरी नारळ फोडत होतं. मग ती एकदम म्हणाली, "त्याला सांगायला काय झालं होतं?"

मला वाटलं ती काकांबद्दल बोलते आहे. "त्यांना वाटलं, आपल्याला माहीत आहे."

"काकांचं नाही गं. नंद्याचं." तो गेल्यापासून ती त्याला नंदू, माझा नंदू असंच म्हणत होती. नंद्या ही हाक रागावतानाची. "वर जाऊन परक्या माणसाला सगळं समजावलं, आणि घरात? दोन ओळी लिहून ठेवायला हात मोडले होते? तू विचारलं होतंस ना त्याला?"

"विचारलं होतं. म्हणाला, शेंगा खा."

"शेंगा खा!" आईचा आवाज चढला. "कायम असाच. कुठे चाललास, तर येतो. कधी येणार, तर बघू. आपण स्वयंपाक करून वाट पाहत बसायचं. ओला टॉवेल गादीवर. मोटरसायकल घेतली तेव्हा मला आधी सांगितलं? दारात आणून उभी केली, म्हणे ओवाळ. मी ओवाळली!" ती रडायला लागली, मोठ्याने, नाक शिंकरत, चांगली चिडून. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती.

मीही बोलायला लागले. माझी कंपासपेटी त्याने न विचारता नेली आणि हरवली. माझ्या वाढदिवसाला तो उगवलाच नाही आणि नंतर तीन दिवस गंमती करून वेळ मारून नेली. मला मॅनेजर म्हणून चिडवायचा, पण घरातली बिलं मीच भरायची. आई एक सांगायची, मी एक सांगायचे, मध्येच आम्हाला हुंदक्यातच हसू फुटायचं आणि मग त्याचीच लाज वाटून आम्ही आणखी रडायचो. आईने माझ्या दंडाला धरलं होतं, वळ उठेल इतकं घट्ट. तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. झाडाचा विषय निघाला की ती आजही म्हणते, "तुला दिसलं होतं," आणि ते खरं आहे.

बाबा पहिल्या शिफ्टवरून कधी आले ते आम्हाला कळलं नाही. ते मधल्या दारात उभे होते, डब्याची पिशवी हातात, बूट पायातच. किती ऐकलं होतं कोण जाणे. आईने त्यांना बघून माझा दंड सोडला. मला वाटलं, आता ते नेहमीसारखे आत जाऊन भिंतीकडे तोंड करतील.

ते उंबऱ्यावर बसले. बुटाची एक नाडी सोडली आणि हात तिथेच थांबला.

"त्या दिवशी माझी शिफ्ट त्याच्याबरोबरच सुटली होती," ते खाली बघत म्हणाले. "गेटवर मी म्हटलं, आभाळ भरलंय, गाडी राहू दे इथेच, माझ्याबरोबर बसनं चल. शेजारची जागा धरून ठेवली होती मी. तांबरमपर्यंत धरून ठेवली होती."

मग त्यांनी दुसऱ्या बुटाच्या नाडीला हात घातला, आणि पहिल्यांदाच, आम्हा दोघींसमोर, मोठ्याने म्हणाले, "गाढव. ऐकलं नाही गाढवानं."